लशीची सक्ती नको, हक्क हवा

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोरोना प्रतिबंधक लसीकरणास प्रारंभ झाला आणि त्यात पहिला क्रम आरोग्य कर्मचाऱ्यांना देण्यात आला. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आशा स्वयंसेविका, रुग्णवाहिकेचे चालक, वॉर्डबॉय, आया आणि सफाई कामगार या सर्वांना शासनाच्या यादीत स्थान होते. लस मोफत होती, बहुतेकांना ती कामाच्या जागीच मिळणार होती आणि तिची सर्वाधिक गरजही त्यांनाच होती. असे असूनही पहिल्या दिवसांत महाराष्ट्रातील केंद्रांवर ठरविलेल्या संख्येइतके कर्मचारी आले नाहीत. ‘कोविन’ या संगणकीय व्यवस्थेत बिघाड झाल्यामुळे राज्याला पहिल्याच दिवसानंतर काम थोडा काळ स्थगित ठेवावे लागले, हे खरे. परंतु न आलेल्या प्रत्येकाचे कारण संगणक नव्हता. आधी इतरांचे काय होते ते पाहू, मग आपण घेऊ, असे म्हणून थांबलेले कर्मचारी पुष्कळ होते.

सुशिक्षित मध्यमवर्गात त्यावर जी प्रतिक्रिया उमटली, ती आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्यांनी दुसऱ्यांना सुई टोचायची तेच स्वतःचा दंड पुढे करीत नाहीत, हे अज्ञान आहे, बेजबाबदारपणा आहे, असा निवाडा तातडीने देण्यात आला. कालपर्यंत ज्यांच्यासाठी थाळ्या वाजविल्या, त्यांनाच आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करताना कोणाला संकोच वाटला नाही. समाजवादी कार्यकर्त्याने हा निवाडा तपासल्याशिवाय स्वीकारू नये. साथ ओसरली असली तरी प्रश्न ओसरलेला नाही. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि ती आली म्हणजे हेच हात पुन्हा पुढे करावे लागणार आहेत.

शंका कोणाच्या आणि कशाच्या?

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २०१४ साली लशीविषयीच्या अनिच्छेची तीन प्रमुख कारणे मांडली होती. लशीवर आणि ती देणाऱ्या व्यवस्थेवर विश्वास नसणे, हे पहिले. रोगाचे भय न वाटणे, हे दुसरे. आणि लस मिळविणे गैरसोयीचे असणे, हे तिसरे. २०२१ च्या आरंभीची परिस्थिती या तीन कसोट्यांवर घासून पाहिली, तर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या शंकांना आधार होता असेच दिसते.

३ जानेवारी २०२१ रोजी दोन लशींना आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन. यांपैकी कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे परिणामकारकतेविषयीचे निष्कर्ष त्या दिवशी उपलब्धच नव्हते. ती घेणाऱ्याकडून वेगळे संमतिपत्र भरून घेतले जात होते, मात्र दोहोंपैकी कोणती लस घ्यायची हे ठरविण्याची मुभा कर्मचाऱ्याला नव्हती. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पत्र लिहून आपणांस कोव्हिशील्ड द्यावी अशी मागणी केली. या डॉक्टरांना अडाणी म्हणण्याचे धाडस कोण करील? पुढे ३ मार्च रोजी कोव्हॅक्सिनचे अंतरिम निष्कर्ष आले, वर्षअखेरीस सविस्तर निष्कर्षही प्रसिद्ध झाले आणि ती लस उपयुक्त ठरली. परंतु पुरावा आधी आणि आवाहन नंतर, हा विज्ञानाचा साधा क्रम उलटा केला गेला होता. त्या काळात प्रश्न विचारणे म्हणजे देशातील शास्त्रज्ञांचा अवमान करणे, असाही सूर लावण्यात आला. शंकेला उत्तर देण्याऐवजी तिला देशद्रोहाच्या वाटेवर नेऊन बसविले की शंका मरत नाही. ती फक्त कुजबुजीत उतरते.

कोव्हिशील्डच्या बाबतीत गोंधळ दोन मात्रांमधील अंतराचा झाला. हे अंतर प्रारंभी चार ते सहा आठवडे होते. २२ मार्च रोजी ते सहा ते आठ आठवडे झाले आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे. अंतर वाढविल्याने परिणाम चांगला होतो, याला शास्त्रीय आधार होता. परंतु त्याच सुमारास लशीचा तुटवडाही होता, केंद्रांवर ‘लस संपली’ अशा पाट्या लागत होत्या. निर्णय शास्त्राने घेतला की टंचाईने, हे स्पष्ट करून सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही, तेव्हा लोकांनी आपापला अर्थ लावला.

स्त्रियांचा प्रश्न तर स्वतंत्रपणे मांडावा इतका महत्त्वाचा आहे. परिचारिका आणि आशा यांचा मोठा वर्ग तरुण स्त्रियांचा आहे. गरोदर आणि स्तनदा स्त्रियांनी लस घेऊ नये, असे प्रारंभी शासनच सांगत होते. स्तनदा मातांना १९ मे २०२१ रोजी आणि गरोदर स्त्रियांना २ जुलै रोजी परवानगी मिळाली. मग जिला मूल हवे आहे, अशा परिचारिकेने फेब्रुवारीत काय समजायचे होते? पाळीवर परिणाम होईल का, पुढे गर्भ राहील का, हे प्रश्न ती कोणाला विचारणार होती? वरिष्ठांकडून येणाऱ्या परिपत्रकात लक्ष्यांक होता, या प्रश्नांची उत्तरे नव्हती.

राहिली गैरसोय. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येतो, अंग दुखते. कायम नोकरीतील डॉक्टर रजा टाकून पडून राहू शकतो. कंत्राटी सफाई कामगाराचा तेवढ्या दिवसांचा रोज बुडतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा करण्यास कंत्राटदार मोकळाच असतो. त्याच्या नकाराच्या मुळाशी अंधश्रद्धा शोधण्यापूर्वी त्याचे हजेरीपुस्तक पाहावे.

जानेवारीत रोगाचे भयही कमी झाले होते, कारण पहिली लाट ओसरली होती. मार्चमध्ये नाशिक जिल्हा देशातील सर्वाधिक रुग्णवाढीच्या जिल्ह्यांत गणला जाऊ लागला. २१ एप्रिल रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली आणि त्याच दिवशी २२ रुग्ण मृत्युमुखी पडल्याची नोंद झाली. त्या दिवसांत प्रश्न लस घ्यावी की नाही हा न राहता ती कोठे मिळेल हा झाला. मात्र भयाने मिळविलेली संमती भय असेपर्यंतच टिकते. १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना वर्धक मात्रा देण्यास प्रारंभ झाला, तेव्हा पहिल्या दोन मात्रांइतका उत्साह पुन्हा दिसला नाही.

हाफकिन आणि रँड

या प्रश्नाचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर इतरांना. लोकांची भीती मोडावी म्हणून आगाखानांनीही जाहीरपणे ती लस टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबांच्या अमलाखाली सैनिक घराघरांत शिरले, माणसे बाहेर काढली, सामान जाळले. आणि २२ जूनला रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. रोग एकच होता. एका ठिकाणी औषध देणाराने जोखीम आधी स्वतः उचलली, दुसऱ्या ठिकाणी सत्तेने ती दुसऱ्यांवर लादली. त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. आरोग्यसेवकाच्या त्यागाची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. त्या आरोग्यसेवकाचे रक्षण कोणी करायचे होते, हे मात्र विचारीत नाही.

हाफकिन यांच्या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी ही लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्यावर ठेवण्यात आला, त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि निर्दोषत्व सिद्ध होण्यास १९०७ उजाडले. दुर्घटनेची चौकशी उघडपणे आणि वेळेवर झाली नाही, तर लस, शास्त्रज्ञ आणि जनता या तिघांचीही हानी होते, हे त्या प्रकरणाने दाखविले.

सक्तीचा दुसरा धडा अलीकडचा आहे. आणीबाणीत शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्यावर नसबंदीचे लक्ष्यांक लादण्यात आले. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमतही केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्यामुळे ते कायदा होऊ शकले नाही. परंतु सरकारी पिशवी घेऊन दारात येणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय त्या काळाने अनेक वस्त्यांना लावली. त्या सक्तीची किंमत पुढे पोलिओचे थेंब घेऊन जाणाऱ्या परिचारिकेने मोजली.

दाराशी उभी असलेली आशा

आजची ‘आशा’ त्या परिचारिकेची वारसदार आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद निर्माण झाले आणि महाराष्ट्रात सुमारे ७० हजार स्त्रिया हे काम करतात. कागदोपत्री त्या ‘स्वयंसेविका’ आहेत. त्यांना वेतन नाही, मानधन आणि कामाच्या प्रमाणात मोबदला आहे. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेने अशा योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली होती. कोरोनाच्या काळात घरोघर फिरून रुग्ण शोधण्याचे काम याच आशांनी केले, आणि जून २०२१ मध्ये त्यांना मोबदल्यासाठी राज्यव्यापी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. सन्मान जिनिव्हाहून आला. हक्काचे पैसे मात्र रस्त्यावर बसल्याशिवाय मिळाले नाहीत.

आता नाशिक जिल्ह्यातील मालेगावचा विचार करावा. यंत्रमागांचे, कष्टकऱ्यांचे, बहुसंख्य मुस्लिम वस्तीचे हे शहर एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने होरपळले. पुढच्या वर्षी मात्र तेथे लसीकरणास प्रतिसाद कमी राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्यात गोवराची साथ आली तेव्हा मुंबई आणि भिवंडीबरोबर मालेगावचेही नाव घेतले गेले. अशा वस्तीत भित्तिपत्रक फारसे काही बदलत नाही. दारात उभी असलेली, ओळखीची बाई काय सांगते, यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘ताई, तुम्ही घेतली का?’ हा पहिला प्रश्न असतो. त्या ताईने स्वतः लस समजून, पटून घेतली असेल तर तिच्या उत्तरात बळ असते. मानधन बंद होईल या धाकाने घेतली असेल, तर ते ऐकणाऱ्यालाही कळते. आरोग्यसेवकाच्या लसीकरणाचा प्रश्न अशा रीतीने साऱ्या समाजाच्या लसीकरणाचा प्रश्न बनतो.

विसरलेली लस

या साऱ्या चर्चेत एक लस कोणाच्याच तोंडी नसते. ती म्हणजे ‘ब’ प्रकारच्या काविळीची, हेपॅटायटिस बीची लस.

रुग्णालयातील वापरलेली सुई बोटात घुसणे हा परिचारिकांच्या, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांच्या आणि सफाई कामगारांच्या कामातील नित्याचा धोका आहे. बाधित रुग्णाची सुई टोचली आणि माणसाने लस घेतलेली नसली, तर हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत असू शकते, एच.आय.व्ही.च्या बाबतीत ती हजारात तीन इतकी आहे. आपण एच.आय.व्ही.ला घाबरतो आणि त्याच्या शंभरपट सहज लागणाऱ्या रोगाची आठवणही ठेवीत नाही. हा विषाणू वाळलेल्या रक्तात, पृष्ठभागावर सात दिवस जिवंत राहू शकतो. तो यकृत निकामी करतो, यकृताचा कर्करोग घडवितो. यावरील लस १९८२ पासून जगात उपलब्ध आहे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स कंपनीने ती देशातच तयार केली आणि तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. बालकांच्या लसीकरणात ती देशभर २०११ पासून आहे. त्याआधी जन्मलेल्या, म्हणजे आज रुग्णालयांत राबणाऱ्या बहुसंख्य प्रौढांना तिचा लाभ आपोआप मिळालेला नाही.

कायदाही आहे. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार रुग्णालय, दवाखाना वा प्रयोगशाळा चालविणाऱ्याने आपले सर्व आरोग्य कर्मचारी आणि असा कचरा हाताळणारे इतर सर्वजण यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांवरील लस दिलीच पाहिजे. यात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. तरीही देशात वेळोवेळी झालेल्या पाहण्यांतून एकच चित्र पुढे येते: डॉक्टरांत लसीकरणाचे प्रमाण सर्वाधिक, परिचारिकांत त्याहून कमी आणि सफाई कामगारांत सर्वांत कमी. धोक्याची उतरंड आणि संरक्षणाची उतरंड एकमेकींच्या उलट आहेत.

असे का व्हावे? ही लस तीन मात्रांत घ्यावी लागते. पहिलीनंतर एक महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. कंत्राट बदलले की कामगार बदलतो, त्याची नोंद हरवते, तिसरी मात्रा राहून जाते. पण याहून मोठे कारण वेगळे आहे. कोरोनाची लस घेतलेला कर्मचारी रुग्णांसाठी आणि समाजासाठी कमी धोकादायक होईल, अशी अपेक्षा होती. म्हणून मंत्री, जिल्हाधिकारी आणि वृत्तपत्रे त्याच्या मागे लागली. हेपॅटायटिस बीच्या लशीने प्रामुख्याने त्या सफाई कामगाराचाच जीव वाचतो. म्हणून तिच्यासाठी कोणीही मोहीम काढली नाही. समाजाला जी लस हवी होती ती कामगारावर लादण्यात आली आणि कामगाराला जी लस हवी होती ती देण्यास समाज विसरला. आरोग्य कर्मचाऱ्याच्या अविश्वासाचे मूळ येथे आहे. माझ्या जीविताची यांना खरोखर काळजी असती तर ती आजवर दिसली असती, हे त्याचे साधे गणित आहे आणि ते चुकीचे म्हणता येत नाही.

हानी झाली तर भरपाई कोणी द्यायची?

अविश्वासाचे आणखी एक कारण अप्रिय असले तरी सांगितलेच पाहिजे. अत्यंत विरळ प्रमाणात का होईना, लशीने हानी होते. कोव्हिशील्ड ज्या सूत्रावर आधारलेली आहे त्या लशीने क्वचित प्रसंगी रक्ताच्या गुठळ्यांचा विकार होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राने २०२१ मध्येच नोंदविले. नाशिक परिसरात काम करणाऱ्या एका तरुण महिला डॉक्टरचा लसीकरणानंतर २०२१ मध्ये मृत्यू झाला आणि तिच्या पित्याने भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, हे वृत्तपत्रांतून आलेच आहे. लशींनी वाचविलेल्या प्राणांच्या मानाने अशा घटना फारच थोड्या आहेत. परंतु ज्या घरातील माणूस गेला त्या घराला हे प्रमाण सांगून समाधान होत नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही करू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात केंद्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात भूमिका घेतली, की लस ऐच्छिक होती, म्हणून भरपाईचे दायित्व शासनावर येत नाही.

या भूमिकेचा अर्थ आरोग्य कर्मचाऱ्याने काय घ्यावा? घेण्याच्या वेळी लस ही देशसेवा, नाकारली तर कर्तव्यच्युती, आणि हानी झाली तर ती तुमची वैयक्तिक निवड! ब्रिटनने लशीमुळे अपंगत्व आलेल्यांसाठी १९७९ साली कायदा केला, अमेरिकेने १९८६ साली केला. समाजाच्या हितासाठी व्यक्तीने जोखीम घेतली तर तिचा भार समाजाने उचलावा, हे त्यामागील तत्त्व आहे. हे तत्त्व समाजवादाचे आहे. भांडवलशाही देशांनी ते स्वीकारले आणि समाजवादी हा शब्द ज्यांच्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत आहे त्यांनी ते न्यायालयात नाकारावे, हा विरोधाभास कोणाच्याही ध्यानात यावा.

रुग्णाच्या हक्काचे काय?

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. रुग्णालयातील दुबळ्या रुग्णाला आपली सेवा करणाऱ्याकडून संसर्ग होऊ नये, हा त्याचा हक्क नाही काय? आहे. म्हणूनच आम्ही लशीच्या विरोधात बोलत नाही, आणि लशीविरुद्ध अफवा पसरविणाऱ्यांशी आपल्या चळवळीचा काडीइतकाही संबंध असता कामा नये. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरोनाविषयक खटल्यात दोन गोष्टी सांगितल्या: कोणाच्याही शरीरावर लशीची सक्ती करता येणार नाही, आणि समाजाच्या आरोग्यासाठी वाजवी बंधने मात्र घालता येतील. चाचण्यांची माहिती आणि दुष्परिणामांच्या नोंदी जनतेपुढे ठेवण्याचा आदेशही न्यायालयाने दिला. अतिदक्षता विभागासारख्या जागी लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला दुसरे काम देणे हे वाजवी बंधन होय. परंतु २०२१ च्या अखेरीस औरंगाबादेत लशीचा संबंध शिधावाटपाशी जोडला गेला, नाशिक जिल्ह्यात लस न घेतलेल्यांना सार्वजनिक ठिकाणी प्रवेशबंदी जाहीर झाली. ताटातील भाकरीवर अट घालून मिळविलेली संमती ही संमती नव्हे. ज्या कर्मचाऱ्याला आपण माहिती दिली, ताप आल्यास भरपगारी रजा दिली, हानी झाल्यास भरपाईची हमी दिली, त्याच्याकडून कर्तव्याची अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला येतो. हे काहीही न देता केवळ आदेश काढणाऱ्याला तो अधिकार नाही.

कार्यकर्त्यांचे काम

शासनाने काय करावे याची यादी देऊन थांबणे हा आपला मार्ग नव्हे. मार्च १९४८ मध्ये याच नाशिक शहरात समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून स्वतंत्र वाट धरण्याचा निर्णय केला. सत्तेबाहेर राहून लोकांमध्ये काम उभे करण्याची जबाबदारी त्या निर्णयाबरोबरच आली. तेव्हा नाशिकच्या आणि अन्य जिल्ह्यांतील साथींनी पुढील कामे हाती घ्यावीत.

आपल्या गावातील शासकीय, महापालिकेच्या आणि खाजगी रुग्णालयांत हेपॅटायटिस बीच्या लसीकरणाची नोंदवही आहे काय, तीत कंत्राटी कामगारांची नावे आहेत काय, याची विचारणा माहितीच्या अधिकाराखाली करावी. खाजगी रुग्णालय उत्तर देत नसेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे २०१६ च्या नियमांच्या आधारे तक्रार करावी. कामगार संघटनांनी मागणीपत्रात वेतनाच्या खालोखाल तीन कलमे घालावीत: तिन्ही मात्रांची नोंद कंत्राटदाराकडे न ठेवता कामगाराच्या हाती असावी, कोणत्याही लशीनंतर ताप आल्यास दोन दिवसांची भरपगारी रजा मिळावी, आणि दोष सिद्ध करण्याची अट न घालता नुकसानभरपाई मिळण्याची कायमची व्यवस्था व्हावी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. आरोग्य कर्मचारी लस का घेतात आणि का नाकारतात याचा अभ्यास या विद्यापीठाने जिल्ह्यातील आशा आणि सफाई कामगार यांना बरोबर घेऊन करावा आणि तो मराठीत प्रसिद्ध करावा, अशी मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरावी.

यांत खर्च फारसा नाही आणि नवा कायदाही फक्त एकाच गोष्टीसाठी लागेल, ती म्हणजे भरपाई. पुढच्या साथीत आरोग्य कर्मचाऱ्यापुढे लस घेऊन जाण्यापूर्वी, सफाई कामगाराला त्याच्या हक्काच्या तीन मात्रा मिळाल्या काय, हे आपण तपासलेले असले पाहिजे. ते काम साथ येईपर्यंत थांबून करता येणार नाही. तिसऱ्या मात्रेला सहा महिने लागतात.